मेंदूतलं विनाबॅटरी इम्प्लांट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मिठाच्या कणाएवढी चिप, बॅटरीशिवाय मेंदूचे संदेश टिपणार’ अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली की पुढचे काही दिवस मला तेच प्रश्न येत राहतात. विचारणाऱ्यांत घरात कुणाला तरी फिट येतात असे लोक सर्वांत जास्त असतात. मग इंजिनिअरिंगची मुलं, एखादे शिक्षक. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी ठेवते आहे. मी वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते, डॉक्टर नाही. म्हणून यंत्राबद्दल सविस्तर लिहिलंय आणि उपचाराबद्दल जपून.

विनाबॅटरी इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा अतिशय क्षीण विद्युत दाब तयार होतो. तो मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. तो टिपायला धातूचे बारीक इलेक्ट्रोड, त्याला उठाव द्यायला छोटंसं सर्किट आणि बाहेर पोचवायला कॉइल (तारेचं वेटोळं) किंवा अँटेना, एवढं मिळून हे इम्प्लांट होतं. त्यात विजेचा साठा नसतो. लागेल तेवढी ऊर्जा डोक्याबाहेरचं यंत्र त्या त्या क्षणी पुरवतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. बॅटरी नाहीशी झालेली नसते, ती कवटीच्या बाहेर आलेली असते. टोपीत, कानामागे किंवा खिशातल्या डबीत ती असतेच. तिथली संपली तर रात्री चार्जिंगला लावायची. आतली संपली की ऑपरेशन थिएटर.

बॅटरी आत असली तर बिघडतं कुठे?

जागा, रसायनं आणि पुन्हापुन्हा होणारी शस्त्रक्रिया. पार्किन्सनसाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवतात तेव्हा बॅटरी छातीत, कातडीखाली ठेवावी लागते आणि तिथून मानेतून डोक्यापर्यंत वायर न्यावी लागते. अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या विकारासाठी, अमेरिकेत २०१३ साली मंजूर झालेल्या न्यूरोपेस कंपनीच्या यंत्रात बॅटरीसकट सगळं कवटीच्या हाडातच बसवतात. ही यंत्रं चांगली आहेत, हजारो लोकांना त्यांचा उपयोग झालाय. पण काही वर्षांनी बॅटरी बदलायला जखम पुन्हा उघडावी लागते आणि दर वेळी जंतुसंसर्गाचा धोका नव्याने पत्करावा लागतो. रुग्ण बारा वर्षांचा असेल तर आयुष्यात किती वेळा, याचा हिशेब आईवडिलांनीच करून पाहावा.

मग ते चालतं कशावर?

चार वाटा आहेत, आणि चारही तुमच्या ओळखीच्या आहेत.

पहिली मेट्रो कार्डाची. कार्डात बॅटरी नसते. गेटवरच्या कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र निघतं, कार्डातल्या कॉइलमध्ये त्यामुळे वीज तयार होते आणि तेवढ्यावर चिप आपलं काम उरकते. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या क्लिनाटेक संस्थेत बनलेलं ‘विमाजिन’ हे इम्प्लांट याच पद्धतीने चालतं, आणि वारंवारताही तीच, १३.५६ मेगाहर्ट्‌झ. कॉइल जवळ आणि समोरासमोर असेपर्यंत ही वाट उत्तम. कार्ड तिरकं धरलं की गेट उघडत नाही, तसंच डोक्यावरची कॉइल सरकली की वीज तुटते.

दुसरी वाट फास्टॅगची. गाडीच्या काचेवरच्या त्या स्टिकरलाही बॅटरी नसते. टोलनाक्यावरचा अँटेना लहरी सोडतो आणि स्टिकर त्या लहरी थोड्या बदलून परत फेकतो. त्या बदलातच तुमचा क्रमांक असतो. ही युक्ती जुनी आहे. १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला लाकडात कोरलेलं मानचिन्ह भेट मिळालं. त्याच्या आत लिओन थेरमिन या रशियन संशोधकाने बनवलेलं बॅटरी नसलेलं ध्वनिचोर यंत्र होतं. बाहेरून लहरी सोडल्या की खोलीतलं बोलणं त्या परतीच्या लहरींवर स्वार होऊन बाहेर जायचं, आणि ते १९५२ पर्यंत कुणाला सापडलं नाही. आत वीजच नव्हती, तर शोधणाऱ्याला सापडणार काय?

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात असिमिना किऊर्ती, जॉन व्होलाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कल्पना मेंदूसाठी वापरली. बाहेरून २.४ गिगाहर्ट्‌झची लहर पाठवायची, आतल्या डायोडने मेंदूचा संकेत तिच्यात मिसळायचा आणि उत्तर दुप्पट वारंवारतेवर, ४.८ गिगाहर्ट्‌झच्या आसपास, परत पाठवायचं. दुप्पट कशासाठी? कातडी आणि हाडावरूनही मूळ लहर परावर्तित होत असते, आणि त्या गलक्यात इम्प्लांटचं उत्तर बुडालं असतं. वेगळ्या वारंवारतेवर आल्यामुळे ते नेमकं वेचता येतं. या रचनेने साधारण २० मायक्रोव्होल्टपर्यंतचे संकेत टिपून दाखवले. मला स्वतःला या क्षेत्रातली सर्वांत देखणी कल्पना हीच वाटते.

तिसरी वाट सोनोग्राफीची. गॅसच्या लायटरमध्ये स्फटिकावर दाब पडला की ठिणगी उडते. तसाच स्फटिक शरीरात ठेवून त्यावर ध्वनिलहरी पाडल्या की वीज मिळते. पाण्याने भरलेल्या शरीरातून आवाज रेडिओलहरींपेक्षा सहज जातो, त्यामुळे यंत्र फार लहान करता येतं. अडथळा आहे तो कवटीच्या हाडाचा. हाड ध्वनी खाऊन टाकतं. म्हणूनच अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘न्यूरल डस्ट’ची, म्हणजे मेंदूत पसरायच्या धुळीएवढ्या यंत्रांची, कल्पना मांडली तेव्हा त्यांना ध्वनी पुरवणारं मध्यस्थ यंत्र कवटीच्या आत ठेवायचं सुचवलं होतं.

चौथी वाट प्रकाशाची, सोलर कॅल्क्युलेटरसारखी. लाल आणि अवरक्त प्रकाश ऊतींमधून काही अंतर जातो. त्यावर चिप चालते आणि उत्तरही प्रकाशाच्याच चमकांनी देते.

ईईजी डोक्यावरून होतोच की. आत कशाला जायचं?

हान्स बर्गर यांनी जर्मनीत १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेला मेंदूच्या विद्युत संकेतांचा आलेख, नोंदवला. तेव्हापासून आजपर्यंत मेंदूच्या विकारांत त्याच्याइतकी स्वस्त आणि बिनधोक तपासणी नाही. पण तो देवळाबाहेर उभं राहून आरती ऐकण्यासारखा आहे. टाळ-घंटांचा गजर कळतो, कुणाचा सूर चुकला ते आत उभ्या असलेल्यालाच कळतं. कवटी आणि कातडी संकेतांना क्षीण करतात आणि एकमेकांत मिसळून टाकतात.

माझ्या मते याहून मोठी अडचण वेळेची आहे. नेहमीचा ईईजी अर्ध्या तासात आटोपतो. फिट महिन्यातून एकदा येत असेल तर त्या अर्ध्या तासात ती येईलच कशी? घरी वहीत नोंद ठेवतात, पण तीही अपुरी. हॉस्पिटलात व्हिडिओसह ईईजी लावून पाहिलं तेव्हा रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या फिट्स प्रत्यक्ष आलेल्यांच्या जेमतेम निम्म्या निघाल्या. झोपेतल्या तर बहुतेक हुकतात. डॉक्टर गोळीचा डोस ठरवतात तो या अर्धवट वहीवर. महिनोन्‌महिने नोंद घेणारं यंत्र हवं ते यासाठी.

आज हे माणसांत वापरलं जातं का?

हो, पण बातम्यांतल्या चिमुकल्या चिपा नव्हेत, त्यांची थोरली भावंडं.

विमाजिनचंच घ्या. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या एका तरुणावर ते बसवलं. पडल्यामुळे त्याचे हातपाय निकामी झाले होते. साधारण पाच सेंटिमीटर व्यासाची दोन गोल इम्प्लांट, प्रत्येकात ६४ इलेक्ट्रोड, मेंदूच्या दोन्ही बाजूंना आणि तीही मेंदूत न खुपसता त्याच्या वरच्या जाड आवरणावर ठेवलेली. त्यांच्या संकेतांवर तो छताला टांगलेल्या आधाराने बाह्यसांगाडा (अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा) चालवायला शिकला. हा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच चाचणीतल्या आधीच्या स्वयंसेवकाच्या बाबतीत इम्प्लांटचा संपर्कच होईना आणि त्याला अभ्यासातून वगळावं लागलं, हेही सांगायला हवं. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ग्रेग्वार कूर्तीन आणि जोसलिन ब्लॉक यांच्या चमूने हेच इम्प्लांट पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला उद्दीपन देणाऱ्या यंत्राशी जोडल्याचं जाहीर केलं. सायकल अपघातात पायांवरचा ताबा गमावून बसलेला एक डच गृहस्थ कुबड्या घेऊन चालू लागला. त्याच्या डोक्यात बॅटरी नाही. हेडसेट घातल्यावरच हे चालतं.

फिट्सच्या दृष्टीने मला जास्त जवळचं वाटतं ते डेन्मार्कच्या युनीग कंपनीचं कातडीखालचं ईईजी. यात कवटी उघडतच नाहीत. कानामागच्या कातडीखाली छोटी चकती आणि तिला जोडलेली बारीक वायर सरकवतात, तीही फक्त जागा बधिर करून. चकतीत बॅटरी नाही. बाहेर कातडीला चिकटवलेली कॉइल वीज देते, नोंद कपड्याला अडकवलेल्या डबीत साठते. संकेत कवटीबाहेरचेच असल्याने बारकावा ईईजीइतकाच. पण ही नोंद दिवसरात्र चालते, झोपेतही, आणि डोक्याला जेल फासावं लागत नाही. युरोपात याला वापराची परवानगी आहे.

तुमच्या नात्यात एखाद्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असेल तर विनाबॅटरी यंत्र तुम्ही पाहिलेलंच आहे. आतल्या भागात बॅटरी नसते, कानामागचं यंत्र कातडीतून वीज आणि आवाज दोन्ही पाठवतं. ते मेंदूचे संकेत टिपायला नसतं, पण ही पद्धत वर्षानुवर्षं शरीरात टिकते, याचा सर्वांत भक्कम दाखला तेच आहे.

आणि ती मिठाच्या कणाएवढी चिप?

ती खरी आहे, पण उंदरांत. बर्कलीचं ‘न्यूरल डस्ट’ २०१६ मध्ये प्रत्यक्षात आलं ते साधारण तीन मिलिमीटर लांबीचं होतं आणि उंदराच्या मेंदूत नव्हे, पायाच्या नसेवर आणि स्नायूवर बसवलं होतं. बातम्यांत मात्र ‘मेंदूतली धूळ’ असंच आलं. २०२१ मध्ये ब्राऊन विद्यापीठातल्या आर्तो नुर्मिक्को यांच्या गटाने ‘न्यूरोग्रेन’ नावाच्या ४८ चिमुकल्या चिपा उंदराच्या मेंदूवर पसरून त्यांची नोंद एकत्र घेतली. अशी कितीतरी सुटी यंत्रं एकाच अँटेनाकडून वीज घेतात आणि एकमेकांच्या बोलण्यात न येता पाळीपाळीने उत्तर देतात, हे साधणं फार अवघड होतं. २०२५ मध्ये कॉर्नेलच्या अल्योशा मोलनार यांच्या चमूने प्रकाशावर चालणारी, सुमारे ०.३ मिलिमीटर लांबीची चिप उंदरात वर्षभराहून जास्त काळ चालवून दाखवली. लहानपणापेक्षा मला तो वर्षभराचा आकडा मोलाचा वाटतो.

त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातल्या केन शेपर्ड यांच्या गटाने केसाच्या जाडीची, ५० मायक्रोमीटरची लवचीक चिप जाहीर केली. तिच्यावर ६५,५३६ इलेक्ट्रोड आहेत आणि त्यातले १,०२४ एका वेळी वाचता येतात. ती मेंदू आणि कवटीच्या मधल्या फटीत सरकवता येते. तिला वीज देणारं यंत्र बाहेर अंगावर घालायचं असतं. बॅटरी आहे ती त्यात.

न्यूरालिंक हेच का?

नाही. इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीच्या इम्प्लांटमध्ये बॅटरी आहे, ती वायरलेस पद्धतीने चार्ज होते. ‘वायरलेस’ आणि ‘विनाबॅटरी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बातम्या त्यांची सरमिसळ करतात.

आमच्या मुलीला फिट येतात, गोळ्यांनी थांबत नाहीत. याची वाट पाहावी का?

नको. हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, म्हणून स्पष्ट लिहिते. अपस्माराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट योग्य औषधांनी आटोक्यात येऊ शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट थांबत नसतील तर अपस्मार केंद्र असलेल्या मोठ्या रुग्णालयात दाखवा. तिथे व्हिडिओ-ईईजी आणि एमआरआय करून शस्त्रक्रियेचा उपयोग होईल का ते पाहतात. काही रुग्णांच्या फिट शस्त्रक्रियेने पूर्ण थांबतात. हे आज उपलब्ध आहे. इम्प्लांटच्या आशेवर त्यात वर्षं घालवू नका आणि गोळ्या मनाने बंद करू नका.

फिट येण्याआधी यंत्र सांगेल का, हेही विचारतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये २०१० ते २०११ दरम्यान १५ रुग्णांत मेंदूवर इलेक्ट्रोड बसवून हे पाहिलं गेलं. वायर छातीतल्या यंत्रापर्यंत जायची आणि हातातल्या डबीवर धोका जास्त की कमी ते दिवा लागून कळायचं. काही जणांत अंदाज चांगला जमला, काहींत नाही. पण त्या लांबलचक नोंदींतून कळलेली एक गोष्ट आज सगळे मानतात. अनेकांच्या फिट्सना स्वतःची लय असते, दिवसांची, आठवड्यांची. ती ओळखायला लांब नोंद लागते, आणि विनाबॅटरी यंत्रांकडून मला आशा आहे ती इथे.

आणि फिट आली तर: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, वेळ पाहा, तोंडात काही घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवल्याने फिट थांबत नाही, ती बहुतेक वेळा आपली आपण थांबते. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

सतत लहरी सोडल्यावर मेंदू गरम होणार नाही का?

होऊ शकतो, म्हणूनच मर्यादा आहेत. शरीरात ठेवलेल्या यंत्राचा पृष्ठभाग साधारणपणे शरीराच्या तापमानापेक्षा दोन अंशांहून जास्त तापता कामा नये, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. ऊती किती रेडिओऊर्जा शोषतात त्यालाही मर्यादा असते. भारतात मोबाइलसाठी ती एक ग्रॅम ऊतीवर सरासरी १.६ वॉट प्रतिकिलो आहे.

इंजिनिअरची खरी कसरत इथे आहे. चिप जितकी लहान तितकी तिची कॉइल लहान, म्हणून ती कमी वीज पकडते, म्हणून बाहेरून जास्त जोराने सोडावी लागते, आणि मग मर्यादा आडवी येते. त्यात माहितीचा बोजा. एका इलेक्ट्रोडवरून सेकंदाला ३०,००० नोंदी, प्रत्येक १० बिटांची, म्हणजे ३ लाख बिट. हजार इलेक्ट्रोड असतील तर सेकंदाला ३० कोटी. प्रत्येक बिट बाहेर पाठवायला ऊर्जा लागते आणि तिचा काही भाग उष्णता होऊन मेंदूतच राहतो. म्हणून एकेका पेशीचं ऐकणारी यंत्रं अवघड आणि फिट ओळखणारी त्या मानाने सोपी. फिटसाठी सेकंदाला काहीशे नोंदी पुरतात.

बाहेरचं यंत्र काढलं तर?

इम्प्लांट गप्प बसतं. नोंद थांबते, मेंदूला त्यामुळे इजा होत नाही. अंघोळीच्या वेळी काढावं लागतंच.

किती वर्षं टिकेल?

बॅटरी नाही म्हणून आयुष्यभर, असं समजू नका. शरीर खारट पाण्याचं आहे आणि पाण्याची वाफ सूक्ष्म फटींतून आत शिरते. टायटॅनियम, काच आणि सिरॅमिकच्या डब्या वर्षानुवर्षं टिकतात, पण त्या जाड असतात. केसाइतक्या पातळ चिपेला डबी घालता येत नाही, तिला फक्त पातळ थराचं संरक्षण. शिवाय मेंदू इलेक्ट्रोडभोवती जखमेसारखी खपली धरतो आणि संकेत हळूहळू दबतो. मेंदूत खुपसलेल्या टाचणीसारख्या इलेक्ट्रोडमध्ये हे जास्त, आवरणावर ठेवलेल्या इलेक्ट्रोडमध्ये कमी.

कंपनी बंद पडली तर?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि तो सर्वांनी विचारायला हवा. अमेरिकेतल्या सेकंड साइट कंपनीचं ‘आर्गस २’ हे डोळ्याच्या पडद्यावरचं इम्प्लांट साडेतीनशेहून जास्त अंध लोकांनी बसवून घेतलं होतं. आतल्या भागाला वीज आणि चित्र चष्म्यातून मिळायचं. कंपनीने ते बनवणं बंद केलं, दुरुस्ती आणि सुटे भाग मिळेनासे झाले. काहींच्या डोळ्यातलं इम्प्लांट धडधाकट असूनही बाहेरचा भाग बिघडल्यामुळे त्यांची मिळालेली थोडीफार दृष्टी गेली. मेलबर्नच्या त्या अभ्यासामागची कंपनीही पैशाअभावी बंद झाली.

विनाबॅटरी यंत्राची ही कमकुवत बाजू आहे. आतला भाग बाहेरच्यावर पूर्ण विसंबून असतो आणि बाहेरचा भाग एकाच कंपनीचा असतो. मेट्रो कार्डासारखं खुलं, सर्वांसाठी समान मानक इथेही व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

मनातलं वाचता येईल का? पोलिसांनी वापरलं तर?

इलेक्ट्रोड ज्या भागावर आहेत तिथलीच हालचाल कळते, आणि तिचा अर्थ लावायला त्या माणसाने स्वतः तासन्‌तास सराव करावा लागतो. हात हलवायचा प्रयत्न, फिटची सुरुवात, बोलण्याचा प्रयत्न हे ओळखता येतं. आठवण किंवा गुन्हा वाचता येत नाही.

तरी धास्ती निराधार नाही. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत चाचणीचा अहवाल ग्राह्य धरला होता, आणि ती चाचणी तर फक्त डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी केलेली होती. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक खटल्यात निर्वाळा दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग चाचण्या कुणावरही संमतीशिवाय लादता येणार नाहीत. इम्प्लांटमधली नोंद मात्र उपचारासाठी, संमतीनेच घेतलेली असते. ती नंतर दुसऱ्या कामासाठी कुणी मागितली तर काय, याचं उत्तर संमतीपत्रातच लिहिलेलं असायला हवं. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या माहितीचं रक्षण थेट राज्यघटनेत घातलं.

एमआरआय करता येतो का?

यंत्रागणिक वेगळं. बॅटरी नसली तरी कॉइल आणि धातू असतातच, काहींत चुंबकही. इम्प्लांटचं कार्ड सोबत ठेवा आणि एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी दाखवा.

भारतात असं काही बसवून मिळेल का? कुणी ‘चाचणीत घेतो’ म्हणालं तर?

इथे शरीरात कायम राहणारी अशी यंत्रं २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार सर्वांत जोखमीच्या ‘ड’ वर्गात येतात. त्यांची माणसांवरची चाचणी केंद्रीय औषध नियंत्रकांच्या आणि रुग्णालयाच्या नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय होऊ शकत नाही. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते आणि ती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. क्रमांक मागा आणि स्वतः शोधून पाहा. सापडला नाही तर पुढे जाऊ नका. नव्या यंत्राच्या चाचणीसाठी तुमच्याकडे पैसे मागितले तरी पुढे जाऊ नका.

क्रमांक सापडला तर संमतीपत्र मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. सही करण्याआधी घरी आणा, दोन दिवस ठेवा. त्यात एक ओळ शोधा: अभ्यास संपल्यावर हे यंत्र आतच राहणार की काढणार, आणि काढायचं झालं तर त्या शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार. ती ओळ नसेल तर लिहून घ्या.